जीएमआरटीचा कच्चा डेटा आणि आपल्याकडच्या प्रतिमा: जपायचं म्हणजे नक्की काय काय जपायचं?

नभांगण:

खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीबद्दल मराठीत बरंच लिहून झालंय. पण त्या दुर्बिणीने टिपलेला डेटा पुढे जातो कुठे, कोण सांभाळतं, आणि सांभाळून कुणाचं काय भलं होतं, यावर फारसं काही वाचनात येत नाही. म्हणून हा धागा काढतोय. विषय खगोलशास्त्राचा वाटला तरी तुमच्यापैकी कुणी सीटी स्कॅन बघत असेल, कुणी शिलालेखांचे फोटो काढत असेल, कुणी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसत असेल. सगळ्यांचं दुखणं एकच आहे असं माझं मत झालंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रेडिओ दुर्बीण फोटो काढत नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांच्या जोड्या लावल्या की होतात 435. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहायचे आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी, दर काही सेकंदांनी, अँप्लिट्यूड (संकेताची ताकद) आणि फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) नोंदवत जायचं. या नोंदींना व्हिजिबिलिटी म्हणतात. रात्रभर निरीक्षण केलं की हातात येतो तो आकड्यांचा डोंगर. त्यात आकाश कुठेच दिसत नाही. मग खराब नोंदी बाजूला काढायच्या, ओळखीच्या तेजस्वी स्रोतावरून कॅलिब्रेशन करायचं, गणिताने त्या आकड्यांचं चित्र करायचं आणि ते चित्र पुन्हा पुन्हा स्वच्छ करायचं. यातल्या प्रत्येक पायरीवर माणूस काहीतरी ठरवत असतो. कुठली नोंद खराब मानायची, कुठल्या तबकडीवर भरवसा ठेवायचा नाही, सगळं. त्यामुळे शेवटी जी प्रतिमा छापून येते ती एका गटाने, एका वेळी, त्या वेळच्या सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर असतं. मूळ पुरावा व्हिजिबिलिटी.

आता टीजीएसएस या जीएमआरटीच्या आकाश-सर्वेक्षणाची गोष्ट. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झला जवळपास सगळं आकाश पिंजून काढलं, दोन हजार तासांच्या वर निरीक्षण. मूळ गटाने काही भागाच्या प्रतिमा प्रसिद्धही केल्या. पण 150 मेगाहर्ट्झला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार छळतो. पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं हलताना दिसावं तसे स्रोत जागचे हलतात, आणि आकाशाच्या प्रत्येक दिशेला वेगळे हलतात. ते दुरुस्त करणं जिकिरीचं. पुढे हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या एनसीआरएच्या (जीएमआरटी चालवणारी संस्था) अर्काइव्हमधला हाच कच्चा डेटा घेतला आणि दिशेनुसार आयनोस्फिअरची दुरुस्ती करणाऱ्या स्पॅम नावाच्या प्रणालीतून सगळाच्या सगळा नव्याने काढला. 2017 साली तो प्रसिद्ध झाला: 36,900 चौरस अंश, म्हणजे आकाशाचा 90 टक्के भाग, आणि त्यात सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोत. त्यासाठी दुर्बीण पुन्हा एकदाही वळवावी लागली नाही.

हे शक्य झालं कारण एनसीआरएकडे व्हिजिबिलिटी जागेवर होत्या. नुसत्या 2012 च्या प्रतिमा ठेवल्या असत्या तर त्या कितीही जपल्या तरी त्यांच्यातून आयनोस्फिअर बाहेर काढता आला नसता.

गोष्ट इथेही संपत नाही. त्याच 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनच्या दुर्बिणीने केलेल्या ग्लीम सर्वेक्षणाशी ताडून पाहिल्यावर लक्षात आलं की टीजीएसएसमध्ये आकाशाच्या काही भागांत स्रोतांची तेजस्विता थोडी वरखाली झालेली आहे. मग त्या भागासाठी सुधारित आकडे निघाले. म्हणजे नव्याने काढलेलं उत्तरही अंतिम नव्हतं, आणि पुढचंही नसेल.

जीएमआरटीच्या जुन्या फाइली एलटीए नावाच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहेत. त्या वाचायला लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स अशा दोन छोट्या आज्ञावली लागतात, त्यातून खगोलशास्त्रात सर्रास चालणारी फिट्स फाइल तयार होते. सोबत निरीक्षणाचा लॉग असतो, कुठली तबकडी त्या रात्री बंद होती वगैरे. माझ्या मते या आज्ञावली आणि तो लॉग जपणं डेटा जपण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एलटीए फाइल शाबूत आहे पण ती उघडणारा प्रोग्राम आजच्या लिनक्सवर चालत नाही, अशी वेळ आली तर डिस्कवर नुसतं वजन उरेल.

निरीक्षण करणाऱ्याला अठरा महिने डेटा स्वतःकडे ठेवायची मुभा असते, मग तो जगाला खुला. ही मुदत मला रास्त वाटते. आपल्याकडचा रॅड ॲट होम हा नागरिक-विज्ञान उपक्रम टीजीएसएसच्याच प्रतिमांवर उभा आहे. कॉलेजातली मुलं घरी बसून त्यात आकाशगंगा शोधतात.

आता तुम्ही सांगा, तुमच्या क्षेत्रात कच्चं काय आणि पक्कं काय? आणि कच्चं कोण जपतं?


रानवाट:

लेख आवडला. पण एक शंका. सगळंच ठेवायचं तर जागा आणि पैसा कुठून आणायचा? निबंध छापून झाला, प्रतिमा मिळाली, की कच्चं टाकून दिलं तर बिघडतं कुठे? आपण लग्नाच्या अल्बमचेसुद्धा सगळे फोटो ठेवत नाही. कुतूहल म्हणून विचारतोय, राग मानू नका.


नभांगण:

@रानवाट, राग कसला. रास्त प्रश्न आहे. साधा हिशेब असा की दुर्बिणीचा वेळ परत मिळत नाही. 2011 च्या एखाद्या रात्री एखादा स्रोत भडकला असेल तर ती रात्र फक्त त्या फायलीत आहे. शिवाय जुन्या जीएमआरटीचा डेटा आजच्या मानाने लहान होता. तासाला काही शे एमबी धरा. आज तो ठेवायला येणारा खर्च दुर्बिणीच्या एका तासाच्या खर्चापुढे काहीच नाही. नवी यूजीएमआरटी, म्हणजे सुधारित जीएमआरटी, मात्र कितीतरी पट जास्त डेटा काढते, तिथे तुमचा प्रश्न खरोखर टोचतो.


क्ष_किरण:

धागा अगदी माझ्या विषयावर आलाय. मी रेडिऑलॉजीत काम करते.

आमच्याकडे कच्चं म्हणजे डायकॉम फाइल. तिची गंमत अशी की प्रतिमा आणि तिची माहिती एकाच फाइलीत असते: रुग्ण, मशीन, स्लाइसची जाडी, किती एमएएस, किती केव्ही (क्ष-किरण किती आणि किती जोराचे सोडले ते), टेबल कुठे होतं, सगळं. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड एकक असतं. पाणी शून्य, हवा उणे हजार, घट्ट हाड हजाराच्या वर. आम्ही स्क्रीनवर खिडकी सरकवतो. फुप्फुसाची खिडकी लावली की फुप्फुस दिसतं, तीच स्लाइस हाडाच्या खिडकीत टाकली की फ्रॅक्चर दिसतं. डेटा तोच.

आणि आता दुखणं. कित्येक नातेवाईक जुना स्कॅन म्हणून काय घेऊन येतात? व्हॉट्सॲपवर आलेला जेपीईजी, किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो, ट्यूबलाइट त्यात चमकतेय. जेपीईजीत करड्याच्या 256 छटा, त्याही कुणीतरी एका खिडकीत गोठवलेल्या. यकृतावरचा डाग सहा महिन्यांत वाढला की नाही हे सांगायला मला मूळ स्लाइस हव्यात, त्याच जाडीच्या, मोजमापासकट. त्या नसल्या की पुन्हा स्कॅन, पुन्हा किरणोत्सर्ग, पुन्हा खर्च.

नियमाप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या. कर्करोगाच्या रुग्णाला तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं: स्कॅन झाला की डायकॉमची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या आणि घरी येऊन ती संगणकावर उतरवून ठेवा. सीडीवरचा व्ह्यूअर नाही चालला तरी घाबरू नका. डायकॉम हे खुलं प्रमाण आहे, फुकटचे व्ह्यूअर पुष्कळ आहेत. फक्त फोल्डरमधल्या फायलींची नावं बदलू नका आणि डायकॉमडिर नावाची फाइल उडवू नका.

संशोधनासाठी साठा करायचा तर मात्र नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक हेडरमधून काढावेच लागतात. तिथे एक खड्डा आहे. मशीन कंपन्या स्वतःचे खासगी टॅग घालतात आणि कधीकधी त्यातही नाव डोकावतं. अल्ट्रासाउंडवर तर नाव थेट चित्रात छापलेलं असतं. साठा जगाला खुला करण्याआधी हे डोळ्यांनी तपासायला माणूस लागतो.


शिळा:

वा, दोन्ही प्रतिसाद वाचून बरं वाटलं. आमचं क्षेत्र दगडाचं: वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ, झिजलेले शिलालेख. आमच्याकडे पूर्वीपासून कच्चा डेटा म्हणजे ठसा. ओल्या कागदावर ब्रश आपटून शाईचा ठसा घ्यायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ठसे आजही वाचता येतात, दगड मात्र त्यानंतर किती पावसाळे खात आलाय. 2023 च्या अर्थसंकल्पात भारत श्री नावाने शिलालेखांचं डिजिटल भांडार जाहीर झालं, पहिल्या टप्प्यात एक लाख लेख. त्याचं मनापासून स्वागत आहे. माझं म्हणणं फक्त एवढंच की ठशाचं नुसतं स्कॅन ठेवलं आणि ठसा कुणी, कधी, कुठल्या गावी, दगडाच्या कुठल्या बाजूचा घेतला ही मागची पेन्सिलची नोंद स्कॅन केली नाही, तर निम्मं काम वाया.

आता आरटीआयबद्दल, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. (माहिती अधिकार नव्हे!) 2001 साली एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी हे तंत्र मांडलं. कॅमेरा तिपाईवर घट्ट, दगड जागेवर, हलतो फक्त प्रकाश. चाळीस-पन्नास फोटो, प्रत्येकाला फ्लॅश वेगळ्या दिशेने. फ्लॅशचं अंतर सारखं राहावं म्हणून त्याला सुतळी बांधतात आणि प्रत्येक फोटोआधी सुतळीचं टोक दगडाजवळ नेऊन अंतर मोजतात. चौकटीत एक काळा चकचकीत गोळा ठेवतात. त्याच्यावर प्रकाशाचा ठिपका कुठे पडला यावरून सॉफ्टवेअर प्रकाशाची दिशा काढतं. मग प्रत्येक पिक्सेलसाठी एक गणिती सूत्र बसवलं जातं, आणि संगणकावर तुम्ही माउसने प्रकाश फिरवता तेव्हा उघड्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा काना, मात्रा, अनुस्वार वर येतो. तिरप्या उन्हात जे सकाळी दहा मिनिटं दिसतं ते हवं तेव्हा दिसतं.

शेवटी हाती येणारी पीटीएम फाइल छान असते, लोकांना दाखवायला सोयीची. पण नभांगण म्हणतात ते इथे तंतोतंत लागू आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला सहा सहगुणक बसवायचे. त्यात सावल्या आणि चमक पुसट होतात. नंतर दुसऱ्या पद्धती आल्या, त्या जास्त बारीक उतार पकडतात. ज्यांनी मूळ रॉ फोटो ठेवले ते नव्या पद्धतीने पुन्हा काढू शकतात. ज्यांनी पीटीएम ठेवून फोटो उडवले ते तिथेच अडकले.

आमच्या एका वीरगळाचं फोल्डर असं असतं: कॅमेऱ्याचे रॉ फोटो जसेच्या तसे, त्यांचे डीएनजी (रॉ फोटोंचा खुला फॉरमॅट), रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून काढलेला एक फोटो, प्रकाशाच्या दिशांची एलपी फाइल, गोळ्याचा व्यास, तयार झालेली पीटीएम, आणि एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात तारीख, माणसं, हवामान, कॅमेरा, लेन्स आणि दगडाचं वर्णन. शेवटची फाइल लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि पाच वर्षांनी सगळ्यात आधी तीच शोधली जाते.


मायक्रॉन:

जर्मनीत पेशींच्या इमेजिंगवर काम करतो. आमच्याकडे कंपनीगणिक फॉरमॅट वेगळा, म्हणून बायो-फॉरमॅट्स नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे, दीडशेच्या वर फॉरमॅट वाचतं. तरी जपायचा नियम एकच: कंपनीची मूळ फाइल ठेवाच, आणि सोबत ओएमई-टिफ किंवा ओएमई-झार अशा खुल्या फॉरमॅटमधली प्रत ठेवा. मूळ फाइल टाकू नका, कारण रूपांतरात लेझरची पॉवर, फिल्टर असल्या नोंदी गळतात. जागेअभावी एवढंच. @शिळा, तुमचं फोल्डर आमच्या कित्येक लॅबपेक्षा शिस्तीचं आहे!


साठवणदार:

मी ही सगळी मंडळी जिथे डेटा टाकतात त्या बाजूचा माणूस, सर्व्हर आणि टेप सांभाळतो. चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लोक समजतात की फाइल डिस्कवर ठेवली म्हणजे राहिली. डिस्कवर बिट गुपचूप पालटतात. कुणी फाइल उघडत नाही तोवर कळतही नाही. म्हणून फाइल आली त्या दिवशीच तिचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या बिट्सवरून गणिताने निघणारा छोटा ओळख-आकडा, काढून ठेवायचा, एसएचए-256 पद्धत उत्तम. नंतर ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडायचा. जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून फाइल बरी करायची. चेकसम नसेल तर दोन प्रती असूनही खरी कुठली ते सांगता येत नाही.

टेपबद्दल गैरसमज फार. टेप अजूनही मोठ्या साठ्यांचा कणा आहे, वीज खात नाही, कपाटात बसून राहते. पण टेप टिकते, तिला वाचणारं यंत्र टिकत नाही. एलटीओ टेपच्या ड्राइव्ह पूर्वी दोन पिढ्या मागचं वाचायच्या. एलटीओ-8 मध्ये ते एक पिढीवर आलं, म्हणजे एलटीओ-8 ची ड्राइव्ह एलटीओ-6 ची टेप वाचत नाही. एका संस्थेत मी हे प्रत्यक्ष बघितलंय. कपाट भरून टेप, लेबलं व्यवस्थित, आणि ड्राइव्ह भंगारात गेलेली. टेपचं अर्काइव्ह म्हणजे दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवायचं वचन. त्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्या वर्षीपासून धरायला हवेत. प्रकल्पाला तीन वर्षांचं अनुदान मिळतं आणि डेटा मात्र तीस वर्षं जपायचा असतो, खरी अडचण ही आहे. तंत्रज्ञान त्या मानाने सोपं.

फायली पाठवताना बॅगइट वापरा. फार साधी पद्धत आहे: एका फोल्डरमध्ये डेटा, बाहेर एक टेक्स्ट फाइल ज्यात प्रत्येक फाइलीचा चेकसम. घेणाऱ्याला लगेच कळतं काही गळलंय का.

आणि रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) म्हणजे बॅकअप नव्हे. एका इमारतीत तीन प्रती असतील आणि तळघरात पाणी शिरलं तर तिन्ही गेल्या.


पर्थकर:

पश्चिम ऑस्ट्रेलियातून लिहितोय. नभांगण यांच्या मूळ मुद्द्याला मला थोडा विरोध नोंदवायचा आहे, पण आदराने.

इथे मर्चिसनला एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पाची कमी फ्रिक्वेन्सीची दुर्बीण उभी राहतेय, दुसरी दक्षिण आफ्रिकेत. भारतही भागीदार आहे, 1,250 कोटी रुपये मंजूर झालेत आणि त्यात एनसीआरएचा वाटा मोठा आहे. या दुर्बिणींतून वर्षाला साधारण 700 पेटाबाइट इतका प्रक्रिया केलेला डेटा अर्काइव्हमध्ये जाईल असा अंदाज आहे. हे प्रक्रिया झाल्यानंतरचं. व्हिजिबिलिटी त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक वेळा त्या ठेवल्याच जाणार नाहीत. प्रतिमा तयार झाली की कच्चं पुसलं जाईल. ठेवायचं ठरवलं तरी ते ठेवणार कुठे?

तेव्हा ‘कच्चं सगळं जपा’ हा नियम मोठ्या यंत्रांना लागू पडत नाही. तिथे वेगळं जपावं लागतं: प्रक्रियेचा कोड नेमक्या आवृत्तीसह, कॅलिब्रेशनचे तक्ते, कुठली नोंद टाकून दिली त्याचा हिशेब, आणि नमुना म्हणून काही निरीक्षणांचा पूर्ण कच्चा डेटा. टीजीएसएसचं सुदैव असं की तो लहान होता.


नभांगण:

@पर्थकर, मान्य. आणि तुमचा मुद्दा ऐकून उलट जास्त काळजी वाटते. टीजीएसएसमध्ये तेजस्वितेची गफलत तुमच्याकडच्याच दुर्बिणीशी ताडून लक्षात आली, आणि ती दुरुस्त करायचा मार्ग खुला राहिला कारण खालचा थर जागेवर होता. एसकेएच्या पाइपलाइनमध्ये (डेटावर आपोआप होणाऱ्या प्रक्रियेच्या साखळीत) अशी गफलत राहिली तर खाली उतरायला जिनाच नसेल. म्हणून तिथे काय पुसलं आणि का पुसलं याची नोंद ठेवणं सक्तीचं असायला हवं. ते काम पाइपलाइन लिहिणाऱ्यांवर सोडून चालणार नाही, त्यात पहिल्या दिवसापासून अर्काइव्हची माणसं हवीत.


चंद्रकोर:

लूनर ऑर्बिटरची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. 1966-67 मध्ये नासाने चंद्राभोवती पाच यानं पाठवली, अपोलो कुठे उतरवायचं ते ठरवायला. यानातच फिल्म, यानातच डेव्हलप, मग तिथेच स्कॅन करून पृथ्वीकडे. तेव्हा लोकांनी पाहिलेली चित्रं म्हणजे पट्ट्या जोडून पुन्हा फोटो काढलेली, त्यामुळे करकरीत काळी-पांढरी. मूळ संकेत मात्र मोठ्या चुंबकीय टेपांवर होता, त्यात बारकावे खूप जास्त होते.

त्या टेपा फेकल्या जायच्या होत्या. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या नॅन्सी इव्हान्स यांनी त्या जाऊ दिल्या नाहीत. टेप वाचणाऱ्या अँपेक्स एफआर-900 या अवजड ड्राइव्ह त्यांनी मिळवल्या आणि वर्षानुवर्षं स्वतःकडे गॅरेजमध्ये ठेवल्या. 2008 मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या गटाने ते सगळं नासाच्या एम्स केंद्रात आणलं. जागा मिळाली ती तिथल्या बंद पडलेल्या मॅक्डोनाल्ड्सची. ड्राइव्ह दुरुस्त केल्या आणि 1966 च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या कडेवरून टिपलेल्या पृथ्वीचं चित्र पुन्हा काढलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा, एकाच क्षणाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

@साठवणदार, तुम्ही म्हणता ती ड्राइव्हची गोष्ट इथे अक्षरशः घडलेली आहे. फरक इतकाच की इथे एका बाईने यंत्रंही सांभाळली.


ग्रंथसखी:

ग्रंथालयात काम करते, म्हणून दोन धागे जोडते.

डिजिटल भांडारं ज्या प्रमाणावर चालतात ते ओएआयएस, आयएसओ 14721. आम्ही ग्रंथपाल ते रोज वापरतो, पण ते तयार केलं अवकाश संस्थांच्या डेटा समितीने. त्यातली एक अट मला फार आवडते: जपलेली माहिती ज्या समुदायासाठी आहे त्याला ती मूळ निर्मात्याला न विचारता कळली पाहिजे. शिळा यांची टेक्स्ट फाइल आणि जीएमआरटीचा लॉग हे नेमकं तेच काम करतात.

दुसरं, फिट्स. नभांगण यांनी नाव घेतलं पण त्याबद्दल लिहिलं नाही. 1981 मध्ये हे प्रमाण प्रसिद्ध झालं. फाइल 2880 बाइट्सच्या ठोकळ्यांत विभागलेली, कारण तेव्हा निरनिराळ्या संगणकांचे शब्द निरनिराळ्या लांबीचे होते आणि 2880 हा त्या सगळ्यांनी भाग जाणारा आकडा. सुरुवातीचं हेडर म्हणजे ऐंशी अक्षरांच्या ओळी, पंचकार्डासारख्या. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पहिली ओळ ‘सिंपल = टी’, मग ‘बिटपिक्स’ म्हणजे एका पिक्सेलला किती बिट, मग ‘नॅक्सिस’ म्हणजे किती मिती. ज्याने फिट्सचं नाव ऐकलेलं नाही असा प्रोग्रामरही तेवढ्यावरून प्रतिमा बाहेर काढेल. आणि नियम असा की एकदा जी फाइल फिट्स म्हणून वैध ठरली ती कायम वैध. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते.

यामुळेच व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या सुमारे 80 हजार हस्तलिखितांच्या दीर्घकालीन जपणुकीसाठी फिट्स निवडलं. आपल्याकडे हस्तलिखितांची इतकी कामं चालू आहेत, पण वॉटरमार्क टाकलेली पीडीएफ म्हणजेच डिजिटायझेशन अशी समजूत अजून जात नाही. वाचकाला पीडीएफ जरूर द्या. तिच्या मागे मूळ टिफ, रंगपट्टीसकट, कुठेतरी असली पाहिजे आणि ती कुठे आहे हे लिहिलेलं असलं पाहिजे.


गडवाट:

सगळं वाचून काढलं, वाखुसा (वाचनखूण साठवली). आमचं जुन्नर तालुक्यातलं छोटं मंडळ आहे, म्हणजे खोडद आमच्याच तालुक्यात. आम्ही गावोगावचे वीरगळ नोंदवतो. डीएसएलआर एक, हार्ड डिस्क दोन, पैसे नाहीत. शिळाताई आणि साठवणदार साहेब, आमच्यासारख्यांनी नेमकं काय करावं? सर्व्हर वगैरे आम्हाला झेपणारा नाही.


शिळा:

@गडवाट, तुमच्यासारख्या मंडळांमुळेच हे काम होतंय. सर्व्हर नकोच.

रॉमध्ये फोटो काढा, जेपीईजीवर भागवू नका. प्रत्येक दगडाला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक फोल्डरच्या नावात, वहीत, फोटोत ठेवलेल्या पाटीवर. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवा. तिसरी प्रत झेनोडोवर टाका. सर्नने 2013 मध्ये सुरू केलेलं मोफत भांडार आहे, एका नोंदीला 50 जीबीपर्यंत चालतं, वर डीओआय क्रमांक मिळतो. कुणी तुमचं काम वापरलं तर त्या क्रमांकाने श्रेय देता येतं.

एक काळजी घ्या. सुट्या पडलेल्या मूर्ती आणि वीरगळांचं जीपीएस जगजाहीर करू नका. चोऱ्या होतात. खुल्या नोंदीत गावापर्यंतच द्या, नेमकी जागा मंडळाच्या वहीत आणि पुरातत्त्व विभागाकडे. कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये जीपीएस चालू असेल तर ते फोटोतच लिहिलं जातं, तेही बघा. मूळ रॉमध्ये राहू द्या, पण बाहेर द्यायच्या प्रतीतून काढा.


साठवणदार:

शिळाताईंच्या पुढे फक्त एक. डिस्कवर फोल्डर टाकल्या टाकल्या चेकसमची यादी काढा. विंडोजवर सर्टयुटिल नावाची आज्ञा आहेच, लिनक्सवर एसएचए256सम. यादी डिस्कवर ठेवाच, शिवाय स्वतःला ईमेल करून ठेवा. दर दिवाळीत साफसफाई करताना पुन्हा ताडा. आणि डिस्क पाच वर्षांची झाली की नवी घ्या, जुनी चालतेय म्हणून थांबू नका.


गडवाट:

खूप आभार. टेक्स्ट फाइलीत नेमकं काय लिहायचं याचा नमुना मिळेल का? मुलांना तोच छापून देतो.


शिळा:

हा घ्या, आमच्याकडचा. लागेल तसा बदला.

दगड क्रमांक:
गाव, तालुका, जिल्हा:
दगड कुठे आहे (देवळामागे, चावडीत, शेताच्या बांधावर) आणि कुणाच्या ताब्यात:
मापं सेंटिमीटरमध्ये, उंची, रुंदी, जाडी. जमिनीत गाडलेला आहे का:
किती चौकटी, खालून वर काय काय दिसतं:
लेख आहे का, किती ओळी, कुठली लिपी वाटते:
तारीख, वेळ, ऊन की ढग की रात्र:
फोटो कुणी काढले, प्रकाश कुणी धरला, गावातल्या कुणी माहिती दिली (त्यांच्या परवानगीनेच नाव):
कॅमेरा, लेन्स, फोकल लेंग्थ, ॲपर्चर. सगळ्या फोटोंत तेच ठेवलं का:
गोळ्याचा व्यास, सुतळीची लांबी:
एकूण फोटो, त्यातले कुठले बाद आणि का:
दगड आधी धुतला का, कशाने (पाणी आणि मऊ ब्रश सोडून काही वापरू नका, चुना, शेंदूर, खडू तर अजिबात नाही):
पुढची प्रक्रिया कुठल्या सॉफ्टवेअरने, कुठली आवृत्ती:
कुणाला, कुठल्या अटीवर वापरू देणार:

‘त्यातले कुठले बाद आणि का’ ही ओळ मुलं गाळतात. ती भरून घ्याच, कारण फोटोंचे क्रमांक मध्येच तुटलेले दिसले की पुढचा माणूस फाइल हरवली असं समजून शोधत बसतो.


नभांगण:

@शिळा, हा नमुना मी जरा बदलून आमच्या हौशी रेडिओ गटासाठी घेतोय, चालेल ना? गोळा आणि सुतळीच्या जागी अँटेना आणि केबलची लांबी येईल, बाकी जवळपास सगळं तसंच. @गडवाट, खोडदला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात येत असाल तर मंडळाचे फोल्डर घेऊन या, झेनोडोवर पहिली नोंद कशी करायची ते मी बसून दाखवतो.